आवाज तिचा, चेहरा दुसरीचा: मिसी एलियटची केस

१९९३ सालचा एक व्हिडिओ आहे, रेवन-सिमोने नावाच्या छोट्या पोरीच्या गाण्याचा. गाणं गोडगोड, लहान मुलांचं, मधेच रॅपचा एक तुकडा येतो आणि स्क्रीनवर एक बारीक, उजळ रंगाची बाई तो तुकडा म्हणताना दिसते. दिसते म्हणजे नुसते ओठ हलवते. तुकडा लिहिलेला आणि म्हटलेला मेलिसा एलियटनं, म्हणजे पुढे गाजलेली अमेरिकन रॅपर, जिला सगळे मिसी म्हणायला लागले तिनं, पण ती त्या व्हिडिओत कुठेच नाहीये. कारण सरळ होतं, ती व्हिडिओ काढणाऱ्यांच्या डोक्यातल्या 'इमेज'मध्ये बसत नव्हती. जाडी, सावळी, आणि नटूनथटून कॅमेऱ्यापुढे लाडात येणाऱ्यातली नाही. आवाज चालेल, लेखणी चालेल, तोंड नको.

आता आपल्याकडे कुणीही म्हणेल की त्यात काय एवढं, आमच्या सिनेमात सत्तर-ऐंशी वर्षं हेच चाललंय. खरंय, पण आपल्याकडेसुद्धा ते भांडूनच सरळ झालंय. 'महल'च्या 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर आधी गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं, लताबाईंचं नाही. प्लेबॅक ही प्रथा असते तेव्हा निदान नाव तरी मिळतं, उशिरा का होईना. इथे तर प्रथाही नव्हती, हिपहॉपमध्ये रॅपरचा आवाज आणि रॅपर ही एकच गोष्ट असते, तुझं तोंड तूच चालवायचं हाच त्या खेळाचा पहिला नियम. तिथे दुसरीला उभं करणं म्हणजे सरळसरळ अपमान होता.

ही केस मी घेतली ती याच एका प्रसंगापायी. म्हणजे १९९३ ला जिचा चेहरा झाकला तीच बाई १९९७ ला तोच चेहरा आणि तेच शरीर फुग्यासारखं फुगवून कॅमेऱ्याच्या भिंगाला चिकटवते आणि लोक वेडे होतात, मधल्या चार वर्षांत नेमकं झालं काय? नेहमीचं उत्तर असं की टॅलेंट होतं, जिद्द होती वगैरे. असेल ना, पण टॅलेंट १९९३ लाही होतंच की.

आधी थोडं मागे जाऊ. जन्म १९७१, गाव पोर्ट्समथ, व्हर्जिनिया राज्य, बंदराचं आणि नेव्हीचं गाव. बाप माजी मरीन, घरात मारहाण करणारा. हे तिनं स्वतः मोठेपणी सांगितलंय. लहानपणी ती मायकल जॅक्सन आणि जॅनेट जॅक्सनला पत्रं लिहायची की या आणि मला इथून घेऊन जा. कुणी येणार नव्हतंच. १४ वर्षांची असताना आई तिला घेऊन निघाली, जरा बसनं फिरून येतो असा बहाणा करून, आणि थेट नातेवाइकांकडे पोचली, तिथे भाड्याचा ट्रक सामान भरून तयार होता. त्या आईचं नाव पॅट्रिशिया, वीज कंपनीत कामाला होती. लक्षात ठेवा, शेवटी परत येणारेय ती.

मग गावातल्या मैत्रिणींचा ग्रुप, आणि ओळखीतलाच टिम मोझली नावाचा एक अबोल पोरगा, ज्याच्याकडे छोटा कॅसिओ कीबोर्ड होता आणि त्यावर तो असले काही विचित्र ठोके काढायचा की हिला तिथेच कळलं की हा आपला माणूस. हाच पुढे टिंबालँड नावानं गाजलेला प्रोड्युसर. १९९१ मध्ये जोडेसी या तेव्हाच्या गाजलेल्या ग्रुपचा डेव्हांट स्विंग याला पोरींनी शोनंतर गाठलं आणि त्याचीच गाणी त्याला वाद्यांशिवाय म्हणून दाखवली. हिंमत बघा. त्यानं उचललं सगळ्यांना, टिमसकट, न्यूयॉर्ककडे नेलं आणि एकाच घरात वीसेक पोरंपोरी कोंबली, सगळे गाणारे, लिहिणारे, बीट बनवणारे. ग्रुपचं नाव झालं सिस्टा. १९९४ ला अल्बम तयार झाला, एका गाण्याचा व्हिडिओ पण आला, आणि मग अल्बम कपाटात गेला. वर्षभरात डेव्हांटचं दुकानच बंद झालं आणि सगळे पांगले.

म्हणजे हिशोब बघा. वय २४, एकदा चेहरा नाकारलेला, एकदा अख्खा अल्बम नाकारलेला. या ठिकाणी बहुतेक लोकांची स्टोरी संपते आणि ते चर्चमध्ये गायला लागतात किंवा नोकरी धरतात, त्यात वाईटही काही नाही. पण त्या वीस जणांच्या घरात मिसीनं नुसतं गाणं नव्हतं केलं, ती दिवसरात्र लिहीत होती, जोडेसीच्या अल्बमांवरही तिची मेहनत आहे, कुठे नावानिशी, कुठे नावाशिवाय. आणि इथेच माझ्या मते केसची खरी गाठ आहे, जरा कंटाळवाणी आहे पण सांगतो.

अमेरिकेत एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक ते रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात, ते बहुतेक वेळा लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, खिशात. दुसरी म्हणजे मूळ रचना, शब्द आणि चाल, ती लिहिणाऱ्याची. आता गंमत अशी की तिथल्या साध्या रेडिओवर गाणं वाजलं की रेडिओवाला पैसे देतो ते लिहिणाऱ्याला. गाणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही, शून्य! म्हणजे पोस्टरवर ज्याचा फोटो त्याला रेडिओवरून छदाम नाही आणि आत बारीक अक्षरात ज्याचं नाव त्याच्या घरी चेक. हे ज्याला लवकर कळलं तो तरला. मिसीला 'तुझा चेहरा नको' म्हणणाऱ्यांनी नकळत तिला त्या धंद्यातल्या बऱ्या बाजूला ढकललं होतं, कारण लेखणीला कुणी वजन विचारत नाही.

मग १९९६. आलिया नावाची अमेरिकन गायिका, वय १७, पहिल्या अल्बमनंतर वादात सापडलेली, बरेच मोठे प्रोड्युसर जवळ यायला तयार नव्हते. ती या दोन जवळपास अनोळखी व्हर्जिनियावाल्यांकडे आली आणि 'वन इन अ मिलियन' नावाचा अल्बम झाला ज्यातली बरीच गाणी मिसीनं लिहिलेली आणि टिंबालँडनं बांधलेली. आज ऐकलं तरी कळतं की ठोका नेहमीच्या जागी पडतच नाही, मधेच श्वास घेतल्यासारखी पोकळी असते, आणि आलियाचा आवाज त्यावरून पाणी वाहावं तसा जातो. अमेरिकेत डबल प्लॅटिनम, म्हणजे वीस लाख प्रती. त्याच वर्षी जीना थॉम्पसनच्या एका गाण्याच्या रिमिक्समध्ये मिसी पाहुणी म्हणून आली आणि रॅपच्या मधेच शब्द सोडून नुसतं 'ही ही ही हाऊ' असं काहीतरी केलं, आणि लोक विचारायला लागले, ही कोण बया?

आता लेबलं मागे लागली. रॅपर-प्रोड्युसर पफ डॅडीला ती त्याच्या बॅड बॉय या लेबलवर हवी होती. तिला मात्र खरं तर गायिका व्हायचंच नव्हतं, निदान त्या वेळी तरी, दोनदा पोळलेली, तिला मागे बसून दुसऱ्यांची गाणी करायची होती आणि स्वतःचं लेबल हवं होतं. इलेक्ट्राच्या प्रमुख सिल्व्हिया रोन यांनी तिला लेबल दिलं, गोल्डमाइंड नावाचं, पण अट घातली की एक अल्बम तुझा स्वतःचा करायचा. हेच ते इलेक्ट्रा, ज्याच्या छत्राखाली सिस्टाचा अल्बम कपाटात गेला होता. दार तेच, या वेळी ती आत आली ती मागणी घेऊन.

(जाता जाता, हिपहॉपची पहिली मोठी हिट रेकॉर्ड, १९७९ ची 'रॅपर्स डिलाइट', तीही एका सिल्व्हियानंच काढली होती, सिल्व्हिया रॉबिन्सन, शुगर हिल रेकॉर्ड्सवाली. म्हणजे या पुरुषी म्हणवल्या जाणाऱ्या धंद्याचं दुकान मुळात एका बाईनं उघडलंय, आणि मिसीचं दार उघडणारी पण बाईच. तरी प्रत्येक पिढीत 'बायकांना हे जमतं का' हा प्रश्न नव्यानं विचारतात, कमाल आहे.)

अल्बम साधारण दोन आठवड्यांत झाला असं सांगतात. 'सुपा डुपा फ्लाय', जुलै १९९७, बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीवर, थेट तिसऱ्या नंबरला उतरला, तोवर कुठल्याच बाई रॅपरनं इतक्या वर सुरुवात केली नव्हती. पण मला बोलायचंय ते त्यातल्या 'द रेन' या गाण्याच्या व्हिडिओबद्दल.

त्या काळाचं वातावरण आठवा. आदल्याच नोव्हेंबरात लिल किम आणि फॉक्सी ब्राउन दोघींचे पहिले अल्बम आलेले, दोघी जबरदस्त रॅपर, आणि दोघींचं मार्केटिंग बिकिनी-फरकोट-डिझायनर असं. म्हणजे बाई रॅपर कशी दिसावी याचा साचा नुकताच ओतून गार होत होता. अशात मिसी येते काळ्या चकचकीत व्हिनाइलच्या, हवा भरून फुगवलेल्या सूटमध्ये. कचऱ्याची मोठी काळी पिशवी फुगवावी तसा. डोक्याला हेल्मेटसारखं काहीतरी, त्यातच गॉगल बसवलेला. स्टायलिस्ट जून अँब्रोस, डायरेक्टर हाइप विल्यम्स, आणि त्याची ती फिशआय लेन्स, ज्यात मधली गोष्ट आणखी गोल आणि आणखी मोठी दिसते. जिला जाडी म्हणून बाहेर ठेवलं तिला लेन्समधून दुप्पट केलं!

त्या सूटचा किस्सा खुद्द तिनं सांगितलाय आणि मला तो सगळ्या पुरस्कारांपेक्षा भारी वाटतो. सूटमध्ये हवा भरायला ते पेट्रोल पंपावर गेले, तिथे गाडीच्या टायरात भरतात ती हवा भरली. भरली तर मॅडम एवढ्या मोठ्या झाल्या की गाडीच्या दारातून आत शिरेनात. मग काय, भर रस्त्यानं चालत सेटवर. डोळ्यासमोर आणा जरा, फुगलेली काळी बाई भर दिवसा डुलत डुलत चाललीये, येणारेजाणारे थांबून बघतायत, आणि ती कॅमेऱ्यापुढे पोचेपर्यंत हवा कमी व्हायला लागलीये. यात काही लोक 'बॉडी पॉझिटिव्हिटी' शोधतात, शोधा, पण मला त्यात जास्त करून खोडसाळपणा दिसतो. तुम्हाला माझा आकार अडचणीचा वाटतो ना, मग हा घ्या, नीट बघा, अजून थोडी हवा भरते.

आणि गाण्यात तरी काय, अॅन पीबल्सच्या जुन्या सोल गाण्याचा पावसाचा तुकडा घेतलाय आणि त्यावर मिसी घाईच करत नाही. तोवर रॅप म्हणजे शब्दांचा मारा, ही बाई मधेच थांबते, हसते, तोंडानं गाडीचा आवाज काढते. आपल्या गावाकडच्या बायका ओट्यावर गप्पा मारताना जशा तोंडानंच सगळे आवाज काढून दाखवतात ना, तसं.

आता तो नेहमीचा मुद्दा, जो या केसमध्ये टाळता येत नाही. 'सगळं टिंबालँडनं केलं हो.' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग पण येत नाही. मी काही वर्षं एका छोट्या स्टुडिओत काम केलंय, जिंगल आणि डबिंगचं, त्यामुळे एवढं सांगू शकतो की बीट बनवणं आणि गाणं प्रोड्यूस करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बीट म्हणजे जोतं समजा. त्यावर कुणाचा आवाज कुठे ठेवायचा, मागे हार्मनीचे किती थर लावायचे, गायिकेकडून तीच ओळ सातव्यांदा घेताना तिला थकू द्यायचं की चिडवायचं, कुठला टेक ठेवायचा, कुठे नुसतं 'हं' पुरेल, हे सगळं प्रोडक्शनच आहे, फक्त ते मशीनच्या पडद्यावर दिसत नाही. आमच्याकडे एक बाई होत्या ज्या नव्या आवाजांकडून काम काढून घ्यायच्या, क्लायंट खूश होऊन जायचा आणि कौतुक करायचा ते कीबोर्डवाल्याचं. मिसीच्या नावावर निव्वळ प्रोड्युसर म्हणूनही ढीगभर काम आहे, मोनिकाचं 'सो गॉन', फँटेशियाचं 'फ्री युअरसेल्फ', जॅझमिन सलिव्हनचं 'नीड यू बॅड', कीशा कोलचं 'लेट इट गो', आणि २००१ चं ते चार जणींचं 'लेडी मार्मालेड', जे अमेरिकेत एक नंबरला गेलं आणि ज्याच्या सुरुवातीला आणि शेवटी खुद्द मिसी ओरडतेय, ते तिनं रॉकवायल्डर या प्रोड्युसरबरोबर केलेलं. टिंबालँड यात कुठेय? ब्योर्क या आइसलँडच्या गायिकेनं २०१५ मध्ये बायकांना प्रोडक्शनचं श्रेय मिळत नाही यावर बोलताना सांगितलं होतं की मिसीचा मिक्सिंग डेस्कवरचा एक फोटो बघून तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. म्हणजे फोटो काढून ठेवावा लागतो, पुरावा म्हणून!

टिंबालँडचं श्रेय कमी करायचं नाहीये मला, उलट. २००१ चं 'गेट युअर फ्रीक ऑन' घ्या. आम्ही तेव्हा केबलवर बघायचो आणि पहिल्या दोन सेकंदांत सगळे चमकलो, कारण ती सुरावट तुंबीची होती, पंजाबी लोकसंगीतातली एकतारी, जी यमला जट्टनं घरोघरी पोचवली. त्याच्याखाली तबला. सुरुवातीला कुणीतरी जपानीत बोलतंय, मग पंजाबी तार, आणि त्यावर व्हर्जिनियाची बाई. टिंबालँडनं ती सहा सुरांची तार आणली हे खरं, पण तेवढ्या उघड्या, जवळपास रिकाम्या बीटवर कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं हे ठरवलं मिसीनं. मधे एका ठिकाणी ती बीट थांबवून सगळ्यांना गप्प करते, आणि ती शांतताच गाण्याचा हुक, म्हणजे डोक्यात अडकून राहणारी जागा, होऊन बसते. अमेरिकेत सातव्या नंबरपर्यंत, वर ग्रॅमी. त्यानंतर तिकडे भारतीय आवाजांची जी लाट आली तिचा एक फटका थेट आपल्या घरात बसला, २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स नावाच्या अमेरिकन गायिकेच्या 'अॅडिक्टिव्ह'मध्ये लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' विनापरवाना वापरलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. परत तेच, आवाज एकीचा, नाव दुसरीचं. त्याच्याशी मिसीचा संबंध नाही, पण मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

'वर्क इट', २००२. चार-पाच वेळा लिहून टिंबालँडनं नको म्हटलेलं गाणं, प्रत्येक वेळी परत गेली, परत लिहिलं. हुकमध्ये ती म्हणते की मी हे उलटं करते, आणि पुढची ओळ खरंच उलटी वाजते, तीच ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे. ते मुळात चुकून झालं, इंजिनियरचा हात कुठेतरी लागला आणि ट्रॅक उलटा फिरला, आणि ती म्हणाली राहू दे. लोक वर्षानुवर्षं ती कुठलीतरी परकी भाषा समजून पाठ म्हणत होते. आणि एका चावट शब्दाच्या जागी चक्क हत्तीचा चीत्कार ठेवलाय. हे गाणं दहा आठवडे दोन नंबरला अडकून पडलं, वर एमिनेमचं 'लूज युअरसेल्फ' ठाण मांडून बसलेलं. दहा आठवडे! मला विचाराल तर आज 'वर्क इट' जास्त ताजं वाटतं, पण ते जाऊ दे.

सगळं गोडगोड नको म्हणून एक टोचणारी गोष्ट. गोल्डमाइंड. स्वतःचं लेबल, ज्याच्यासाठी एवढी अट मान्य केली, ते काही फार मोठं झालं नाही. निकोल रे नावाची मुलगी होती, १९९८ ला 'मेक इट हॉट' हिट, पाचव्या नंबरपर्यंत. तिचा दुसरा अल्बम तयार झाला आणि निघालाच नाही. म्हणजे जिचा स्वतःचा पहिला अल्बम कपाटात गेला तिच्याच लेबलखाली दुसऱ्या पोरीचा अल्बम कपाटात. याच लेबलवरच्या ट्वीट नावाच्या गायिकेचं 'ऊप्स' चाललं, पण नंतर तिचंही तसं विरळच झालं. मिसीला दोष द्यायचा की वरच्या कंपनीला, तो वाद करता येईल, पण मोठ्या कंपनीच्या पोटातलं लेबल म्हणजे भाड्याच्या जागेतलं दुकान, पाटी तुमची, किल्ली दुसऱ्याची. मालकीची गोष्ट सांगताना लोक हे गाळतात.

२००५ नंतर तिचा अख्खा अल्बम आलाच नाही. सहा अल्बम, सहाही प्लॅटिनम, आणि मग थांबली. २००८ मध्ये गाडी चालवताना पायाला असा गोळा आला की ब्रेक दाबता येईना, अपघात थोडक्यात टळला, तपासात निघालं ग्रेव्हज डिसीज, थायरॉइडचा आजार. हात इतके थरथरायचे की पेन धरता येईना. जिचं सगळं राज्य पेनवर उभं होतं तिला. हे तिनं जगाला सांगितलं २०११ मध्ये, तोवर लोक आपले 'गायब झाली' म्हणत होते. मग २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलमध्ये, केटी पेरीच्या शोमध्ये काही मिनिटं आली, आणि दुसऱ्या दिवशी पोरंटोरं विचारत होती की ही नवीन बाई कोण, छान आहे!

पुढचे मानसन्मान भराभर सांगतो, २०१९ मध्ये साँगरायटर्स हॉल ऑफ फेम, बायका रॅपरांमध्ये पहिली. २०२२ ला पोर्ट्समथमध्ये एका रस्त्याला तिचं नाव. २०२४ मध्ये, कारकिर्दीच्या सत्तावीस वर्षांनी, स्वतःच्या नावावरची पहिली मोठी टूर (हे वाचून मी दोनदा तपासलं), आणि त्याच जुलैत नासानं कॅलिफोर्नियातल्या अँटेनावरून 'द रेन' शुक्राकडे पाठवलं, जवळजवळ १४ मिनिटांचा प्रवास, कारण शुक्र तिचा आवडता ग्रह.

आणि त्याआधी नोव्हेंबर २०२३, ब्रुकलिन, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, हिपहॉपमधली पहिली बाई. जुनी रॅपर क्वीन लतीफानं ओळख करून दिली, मिसी नाचली, गायली, मग माइकवर आली. समोर प्रेक्षकांत पॅट्रिशिया बसलेली. मिसीनं सगळ्यांसमोर सांगितलं की आईनं मला स्टेजवर आज पहिल्यांदा बघितलंय. इतकी वर्षं बोलावलंच नव्हतं, कारण गाणी चावट आणि आई चर्चवाली.